पुणे ते बंगळूर: बिऱ्हाड हलवण्याआधीचा हिशेब

ऑफर लेटर आलं त्या संध्याकाळी सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तिकडे कर जास्त लागतो का गं?" मी अकाउंट्समध्ये सोळा वर्षं काढलेली बाई, तरी क्षणभर थांबले. उत्तर सोपं होतं. इन्कम टॅक्स केंद्राचा आहे, तो पुण्यात जेवढा तेवढाच बंगळूरला. जीएसटीचंही तेच. पण आईंना खरं विचारायचं होतं ते हे की, तिकडे गेल्यावर हातात आजच्यापेक्षा जास्त उरेल की कमी? त्याचं उत्तर शोधायला मला तीन आठवडे आणि एक शंभरपानी वही लागली. मे २०२५ मध्ये आम्ही चौघं सिंहगड रोडवरून जे. पी. नगरला आलो. ती वही कशी भरली ते सांगते. तुमचे आकडे वेगळे येतील, पण मांडणी हीच ठेवा.

सुरुवात हातात येणाऱ्या रकमेपासून करा. सीटीसीवर, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या आकड्यावर, हिशेब मांडू नका. त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि वर्षाअखेर मिळेल न मिळेल असा व्हेरिएबल, सगळं कोंबलेलं असतं. नव्या एचआरकडून महिन्याच्या पगारपत्रकाचा नमुना मागून घ्या. संकोच करू नका, देतात. माझी वाढ कागदावर डोळे दिपवणारी होती. कर, पीएफ वजा जाता महिन्याला ३५,००० रुपये जास्त हातात येणार होते. पुढचा सगळा हिशेब या ३५,००० शी आहे.

राज्याराज्यांत वेगळा असणारा पगारातला कर म्हणजे व्यवसाय कर. त्याची भीती बाळगू नका. राज्यघटनेच्या कलम २७६ नं त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, २०२५-२६ पासून कर्नाटकातही तसंच. महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला महाराष्ट्रात हा कर नाही. कर्नाटकात पगार २५,००० च्या आत असेल तर कुणालाच नाही. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेशात तो मुळातच नाही. पण २,५०० रुपयांसाठी कुणी राज्य निवडत नाही. वहीत एक ओळ लिहा आणि पुढे चला.

एचआरएच्या, म्हणजे घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीच्या बाबतीतही पुणे-बंगळूर सारखेच. जुन्या करपद्धतीनं कर भरणाऱ्यांना २०२५-२६ साठी दोन्ही शहरांत मूळ पगाराच्या ४० टक्क्यांचीच मर्यादा होती. ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईला. नव्या पद्धतीत एचआरएची सूटच नाही. त्यामुळे बंगळूरला भाडं वाढणार म्हणून जुनी पद्धत आता फायद्याची ठरते का, हे एकदा नव्यानं मांडून बघा. माझ्या बाबतीत नाही ठरली. आणि वर्षाच्या मधे नोकरी बदलत असाल तर आधीच्या कंपनीतला पगार नव्या कंपनीला नक्की कळवा. नाहीतर स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून मिळणारी ठरावीक वजावट, दोन्हीकडे धरलं जातं, प्रत्येक कंपनी आपल्यापुरत्या पगारावर कर कापते, आणि जुलैत रिटर्न भरताना मोठी रक्कम एकदम अंगावर येते. बदलीच्या वर्षात पैशांची आधीच ओढाताण असते, त्यात हे नको.

इथवर दोन राज्यांत फरक जवळजवळ शून्य. फरक सुरू होतो तो घरापासून.

बंगळूरचं घरभाडं पुण्यापेक्षा जास्त, हे सगळे सांगतात. भाड्याच्या भोवती काय काय असतं ते फारसं कुणी सांगत नाही. आमचं सिंहगड रोडचं दोन बेडरूमचं घर २४,००० ला होतं, डिपॉझिट ६०,०००, सोसायटीचा मेंटेनन्स घरमालक भरायचे. जे. पी. नगरला तेवढंच घर ३८,००० ला. मेंटेनन्स वेगळा, तो भाडेकरूनं भरायचा. चौरस फुटाला साडेतीन रुपये, घर ११०० चौरस फूट, म्हणजे ३,८५० रुपये. जाहिरातीत हा आकडा नसतो, आपण विचारावा लागतो. डिपॉझिट पूर्वी दहा महिन्यांचं मागायचे, आता पाच-सहा महिन्यांवर आलं आहे. आम्ही पाच महिन्यांचं, १,९०,००० रुपये दिलं. ते परत मिळणार, म्हणून लोक ते खर्चात धरत नाहीत. मी धरते. पुण्यापेक्षा १,३०,००० रुपये जास्त अडकले. बँकेत ठेवले असते तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ८,४५० मिळाले असते, म्हणजे महिन्याला ७०० रुपये.

आणि मग पेंटिंग चार्जेस. पुण्याच्या माणसाला हे ऐकून धक्काच बसतो. घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापून घेण्याचा तिथे सर्रास रिवाज आहे. भिंती स्वच्छ असोत, तुम्ही वर्ष राहा की पाच वर्षं. करारात तशी ओळ असतेच. मी घासाघीस केली, पण ती ओळ गेली नाही. मग ठरवलं की हे ३८,००० आजच गेले असं समजून लिहायचं. अकरा महिन्यांत घर सोडलं तर महिन्याला जवळपास ३,४५० रुपये पडतात, तीन वर्षं राहिलं तर १,०५०.

इथे माझ्या डोक्यात लख्ख झालं, आणि वहीची सगळी मांडणीच मी बदलली. तोवर एकाच यादीत सगळं लिहीत होते. आता दोन पानं केली. डाव्या पानावर दर महिन्याला लागणारं, उजव्या पानावर एकदाच जाणारं. उजव्या पानाची बेरीज डाव्या पानावर महिन्याला जेवढं उरतं त्यानं भागायची. जे उत्तर येईल तितके महिने तिथे राहिल्याशिवाय ही बदली तुम्हाला एक रुपयासुद्धा देत नाही. घर, शाळा, गाडी या सगळ्यांचे निर्णय त्या एका आकड्यावर येऊन ठेपतात.

माझं डावं पान असं होतं. भाड्यातला फरक १४,०००. मेंटेनन्स ३,८५०. अडकलेल्या डिपॉझिटचं व्याज ७००. घरकामाच्या मावशी आणि पोळ्यांच्या बाई मिळून पुण्यापेक्षा १,५०० जास्त. मुलाची कन्नडची शिकवणी १,५००. पुण्याला जाण्या-येण्याचे वर्षाला ५४,०००, म्हणजे महिन्याला ४,५००. बचतीकडे विजेचे ९०० आणि दुधाचे ५४०. वजाबाकी केल्यावर खर्च २४,६१० नी वाढला. हातात आलेल्या ३५,००० मधून उरले १०,३९०.

उजव्या पानावर ट्रकचे ४२,०००, दलालीचे ३८,०००, शाळेच्या प्रवेशाचे ६०,००० आणि रंगकामाचे ३८,०००. एकूण १,७८,०००. भागाकार केला तर सतरा महिने. अकरा महिन्यांत परत येऊ असं म्हणून गेलो असतो तर एवढ्या पगारवाढीनंतरही महिन्याला साडेपाच हजारांच्या वर खड्ड्यात गेलो असतो. तीन वर्षं राहिलो तर जवळपास तेवढेच महिन्याला शिल्लक. नोकरी तीच, पगार तोच, घर तेच.

हा आकडा घेऊन मी पुन्हा एचआरशी बोलले. "राहणीमान महाग आहे" असं म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय संपतो. मी ट्रक, दलाली आणि शाळेचा प्रवेश असे तीनच आकडे ठेवले. ट्रक आणि दलाली, मिळून ८०,०००, कंपनीनं बिलांवर द्यायचं कबूल केलं. सतराचे साडेनऊ महिने झाले. पगार दोन हजारांनी वाढवून मागण्यापेक्षा एकदाच जाणारा खर्च मागणं त्यांनाही सोपं जातं, असा माझा अनुभव. मात्र हे ऑफर स्वीकारण्याआधी बोला आणि ईमेलवर लिहून घ्या.

आता गाडीचं. तुमच्याकडे चारचाकी असेल तर हा भाग दोनदा वाचा, कारण राज्य बदलताना खरा जड कर इथे बसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथे नव्यानं नोंदणी करावी लागते. नोंदणी करायची तर तिथला रस्ता कर भरायचा. कर्नाटकचा आजीवन कर देशातल्या जड करांपैकी आहे. नव्या गाडीला पाच लाखांपर्यंत १३ टक्के, पाच ते दहा लाखांना १४, दहा ते वीस लाखांना १७, त्यावर १८, आणि त्या करावर ११ टक्के सेस, म्हणजे उपकर. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सवलत मिळते, पण आमच्या चार वर्षं जुन्या, सात लाखांच्या गाडीलाही माझा अंदाज ८०,००० च्या घरात गेला.

महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो. पण आधी तिकडे कर भरा, नवं आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) हातात येऊ द्या, मग इकडे अर्ज करा, हा क्रम आहे. म्हणजे मधले काही महिने दोन्ही राज्यांचा कर तुमच्या खिशातून गेलेला असतो. गाडी न्यायचीच असेल तर निघण्याआधी पुण्याच्या आरटीओतून फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र घ्या. कर्ज चालू असेल तर आधी बँकेचं पत्र लागतं आणि त्याला वेळ लागतो. नंतर त्यासाठी बंगळूरहून खेटे घालणं फार महागात पडतं.

गाडीचे हे ८०,००० मी उजव्या पानावर, कंपनीची मदत न धरता, मांडून बघितले. सतरा महिन्यांचे पंचवीस होत होते. गाडी आम्ही पुण्यातच दिराकडे ठेवली. सुट्टीत गेलो की तीच वापरतो. ज्यांची नोकरी फिरतीची आहे आणि गाडी अजून घ्यायची आहे त्यांनी बीएच सिरीजचा, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणाऱ्या नंबराचा विचार करावा. २०२१ पासून ती सोय आहे. सरकारी नोकरांना मिळते, आणि ज्या खाजगी कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं आहेत तिथल्या लोकांनाही. कर एकदम पंधरा वर्षांचा न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच.

घर बघताना घरमालक कुठे राहतो हे विचारा. चौकसपणासाठी नाही, करासाठी. आम्हाला जयनगरला एक सुरेख घर मिळत होतं, खिडकीतून गुलमोहर दिसणारं. मालक परदेशात स्थायिक. परदेशस्थ मालकाला भाडं देताना भाडेकरूनं ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच कर, कापून सरकारकडे भरायचा असतो, त्यासाठी कर कापणाऱ्याला लागणारा टॅन नंबर काढायचा असतो, विवरणं भरायची असतात. भाडं किती का असेना. दलाल म्हणाला, कुणी करत नाही. कुणी करत नाही हे खरं असेल, पण नोटीस येते ती भाडेकरूला. ते घर सोडलं. मालक भारतातच राहणारा असेल तर महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असल्यावरच भाडेकरूला टीडीएस कापावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून तो २ टक्के आहे, आणि त्याला टॅन लागत नाही. बंगळूरच्या मोठ्या घरांना ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

भाडेकराराची पद्धतही वेगळी. पुण्यात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. बंगळूरला बहुतेक अकरा महिन्यांचा करार ई-स्टॅम्पच्या कागदावर होतो. दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढणार, मेंटेनन्स वाढला तर कुणी भरायचा, डिपॉझिट घर सोडल्यावर किती दिवसांत परत, हे तीन मुद्दे कागदावर आणा. पाणी कुठून येतं हेही विचारा: कावेरीचं, बोअरचं की टँकरचं? २०२४ च्या उन्हाळ्यात या शहरानं पाण्याचे फार हाल काढले. टँकरवर अवलंबून असलेल्या इमारतीत मार्च-एप्रिलमध्ये मेंटेनन्सच्या बिलात वेगळी ओळ येते. आम्ही वॉचमनला विचारलं होतं. त्यानं जे सांगितलं ते दलालानं सांगितलेल्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

विजेचं मात्र सुख आहे. हवा मवाळ, एसी लागत नाही. शिवाय गृहज्योती योजनेत महिन्याला २०० युनिटांपर्यंत घरगुती वीज बिनपैशाची मिळू शकते, भाडेकरूलासुद्धा. त्या मीटरच्या आधीच्या वापरावरून तुमची हक्काची युनिटं ठरतात. महिन्यात २०० ओलांडलं की मग पूर्ण बिल. यात माझी एक चूक झाली ती तुम्ही करू नका. आधीच्या भाडेकरूनं त्या मीटरला आपलं आधार जोडलेलं होतं. ते सोडवून घ्यायचं असतं हे मला माहीत नव्हतं. त्या मुलाला शोधून, त्याच्याकडून ते सोडवून घेऊन माझं जोडेपर्यंत दोन पूर्ण बिलं भरली. किल्ल्या घेतानाच घरमालकाला हे विचारा.

आईंची काळजी वेगळी होती. त्या ७६ वर्षांच्या. महाराष्ट्रात ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट, त्यामुळे त्या मनात आलं की साताऱ्याला बहिणीकडे जायच्या. कर्नाटकात शक्ती योजनेत जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसमध्ये प्रवास फुकट, पण त्यासाठी कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. आम्ही दोघींनी पहिल्याच महिन्यात आधारचा पत्ता बदलून घेतला. आता त्या मलाच सांगतात कुठली बस गांधी बाजारला जाते. तिथून त्या शेवंतीच्या वेण्या आणतात. पैशांत हे किती, ते मी वहीत लिहिलं नाही. पण म्हाताऱ्या माणसाला नव्या गावात हात न पसरता बाहेर पडता येणं फार मोठं आहे, आणि तुमच्या घरात वडीलधारं कुणी असेल तर ही चौकशी आधी करा.

माझं ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत. पहिले तीन महिने वाटेतल्या सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत गेले. ११ ऑगस्ट २०२५ ला आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी मार्गिका प्रवाशांसाठी सुरू झाली आणि जीव मोकळा झाला. नम्म मेट्रोचं तिकीट फेब्रुवारी २०२५ मध्ये चांगलंच वाढलं, सगळ्यात लांबच्या प्रवासाचं ६० वरून ९० झालं. ते खर्चात धरा. रिक्षाचं किमान भाडं दोन किलोमीटरला ३६ रुपये आहे. तरीही माझं मत विचाराल तर भाडं दोन-तीन हजार जास्त पडलं तरी मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर घ्या. रोजचे दीड-दोन तास वाचतात.

किराण्यात फार फरक नाही. नंदिनीचं दूध एप्रिल २०२५ मध्ये लिटरला चार रुपयांनी वाढूनही पुण्यातल्या आमच्या पिशवीपेक्षा बरंच स्वस्त. ज्वारीचं पीठ उत्तर कर्नाटकातल्या माणसांच्या दुकानात उत्तम मिळतं, भाकरी अडत नाही.

मुलाचं मात्र नीट बघा. माझा पाचवीत. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड शिकणं आलं, सीबीएसई, आयसीएसईच्या शाळांतही. म्हणून ती शिकवणी. शाळा सोडल्याचा दाखला घेताना दुसऱ्या राज्यात जातोय हे शाळेला सांगा, त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागू शकते. ती नंतर मिळवणं त्रासाचं.

काही जण लगेच घर विकत घ्यायचं म्हणतात. ३१ ऑगस्ट २०२५ पासून कर्नाटकात नोंदणी फी १ टक्क्यावरून २ टक्के झाली आहे. मुद्रांक शुल्क सेससकट साधारण ५.६ टक्के. ऐंशी लाखांच्या घराला दोन्ही मिळून ६,०८,००० रुपये. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, पण नोंदणी फीला ३०,००० ची मर्यादा, आणि घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. तेवढ्याच घराला माझ्या नावावर ५,१०,०००. आम्ही तूर्त भाड्यानंच राहतो आहोत.

पुण्याच्या फेऱ्यांचा खर्च शेवटी सांगते, कारण तोच सगळे विसरतात. अंतर ८४० किलोमीटरच्या आसपास. उद्यान एक्सप्रेसनं अख्खा दिवस जातो, विमानाला दीड तास. गणपती, दिवाळी आणि मे महिना या तीन फेऱ्या ठरलेल्या, आणि एखादी अचानक. चौघांच्या तिकिटांचे दर गणपतीच्या आठवड्याचे बघून लिहा, जूनमधल्या मंगळवारचे नकोत. मी आधी २४,००० लिहिले होते. नवऱ्यानं वही ओढून घेतली, मागच्या तीन वर्षांत आम्ही साताऱ्याला आणि त्याच्या मामाकडे किती वेळा गेलो ते मोजलं, आणि तो आकडा खोडून ५४,००० केला. गेल्या वर्षीचा खरा खर्च ५२,३०० झाला.